ट्रक-ट्रॅक्टरवरून उतरताना
गळीत हंगामात सांगली जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या वजनकाट्यापुढे उसाच्या वाहनांची रांग लागली, की चालकांची केबिनमधून सारखी चढ-उतार सुरू होते, आणि घोटा मुरगळणे किंवा गुडघा दुखावणे हे प्रकार पुष्कळदा शेवटच्या पायरीवरून उडी टाकतानाच घडतात. उतरताना तोंड केबिनकडे ठेवावे आणि दोन हात व एक पाय, किंवा दोन पाय व एक हात, असे तीन आधार सतत टिकवावेत. म्हणजे एक निसटला तरी उरलेले दोन तोल सांभाळतात. धरायची ती पक्की दांडी. स्टिअरिंग आणि दार दोन्ही फिरतात, त्यामुळे त्यांच्यावर भार टाकू नये. हातातली पावती खिशात घालावी, जेवणाचा डबा सीटवर ठेवून खाली उतरल्यावर घ्यावा. पायरीला चिकटलेले ओले पाचट आणि चपलेखालचा चिखल आधी खरवडून काढावा (खरे तर चपलेऐवजी बूटच हवेत). बराच वेळ बसून पाय आखडलेले असतात, म्हणून उठण्यापूर्वी ते दोन-चारदा ताणून घ्यावेत. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील फोर्कलिफ्टचालकांनी तर फोर्क (माल उचलणारे पुढचे दोन दांडे) जमिनीला टेकवून व हँडब्रेक ओढूनच पाय खाली ठेवावा.