जुना आयपॉड नॅनो फेकू नका, चालायला न्या

ड्रॉवरमध्ये जुना आयपॉड नॅनो (ॲपलचा गाणी ऐकायचा छोटा प्लेअर) पडला असेल तर फिटनेस बँडवर पैसे घालायच्या आधी तो जरा चार्ज करून बघा. 2009 च्या नॅनोपासून त्यात पावलं मोजायची सोय आहे आणि 2012 च्या मॉडेलात, नि 2011 चं सॉफ्टवेअर अपडेट टाकलं असेल तर 2010 च्या मॉडेलातही, बुटात वेगळा सेन्सर न लावता चालणं-पळणं दोन्ही मोजता येतं. फक्त स्क्रीन वर उचललेली दिसली तर बॅटरी फुगलीय समजा, चार्जिंगला लावूच नका.

आता मेन गोष्ट. यात जीपीएस नसतं, हलण्यावरून पावलं मोजायची नि त्यावरून अंतराचा अंदाज बांधायचा एवढंच, म्हणून कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे खरं अंतर सांगून त्याचा अंदाज जुळवून घेतल्याशिवाय, किलोमीटरवर भरवसा ठेवू नका. 400 मीटरची धावपट्टी सापडली तर सगळ्यात आतल्या लेनमधनं दोन फेऱ्या मारा, वर्कआउट संपवताना कॅलिब्रेटचा ऑप्शन येतो तिथं खरं अंतर टाका. चालण्याचं वेगळं, पळण्याचं वेगळं करायचं, कारण टांग सारखी पडत नाही. वजनही खरं टाका बरं का, कॅलरीचा हिशोब त्यावरच असतो.

नॅनो कमरेला घट्ट लावा, ढिल्या खिशात पावलं चुकतात. सोलापुरात कंबर तलावाकडं पहाटे फिरायला जाताना मोबाईल घरी ठेवता येतो हा खरा फायदा, नाहीतर निम्मा वेळ व्हॉट्सअपवरच जातो. आणि होटगी रोडला वगैरे पळणार असाल तर एकच इअरफोन घाला, मागनं ट्रक आला तर कळायला पाहिजे की.