निजलेल्या ड्रॅगन देवीचा पंथ कसा रचावा

काल्पनिक जगासाठी देवता रचताना बहुतेक लेखक आणि भूमिकाखेळांचे (रोल-प्लेइंग गेम्सचे) सूत्रधार तिच्या रूपापासून सुरुवात करतात: खवल्यांचा रंग, पंखांचा विस्तार, डोळ्यांतील अंगार. देवी जागी असेल तर ते खपून जाते; निजलेल्या देवीचे रूप मात्र कोणी धड पाहिलेले नसते, ती बोलत नाही, वर देत नाही, शापही देत नाही, आणि त्यामुळे कथेतील सगळे काम तिच्या उपासकांवर येऊन पडते. म्हणून रचनेला तिच्या झोपेपासून प्रारंभ करावा. पुढील विवेचनासाठी एक उदाहरण सोबत ठेवू: चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेले थंड प्रदेशातील एक खोरे, तिथल्या डोंगराखाली निजलेली निजाई नावाची ड्रॅगन देवी, आणि तिच्या अंगाच्या उबेवर जगणारी खोऱ्यातली गावे.

पहिला प्रश्न असा की ती का निजली. 'प्राचीन काळापासून निजली आहे' हे उत्तर पुरेसे नाही, कारण झोपेच्या कारणावरून उपासकांची वृत्ती ठरते. तुळजापूरच्या भवानीची मूर्ती चल असल्याने तिला वर्षातून तीन वेळा सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्रापूर्वीची घोर निद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर अश्विनी पौर्णिमेपर्यंतची श्रम निद्रा आणि शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोह निद्रा. लढाईला निघण्याआधीची झोप आणि लढून आल्यावरची झोप यांत परंपरेने केलेला हा भेद कोणत्याही जगरचनाकाराने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुराणातील मुचकुंद राजाची झोप ही देवांसाठी केलेल्या युद्धाचे वेतन होती, आणि ती मोडणारा भस्म होईल या अटीमुळेच श्रीकृष्णाला आपला शत्रू कालयवन याचा काटा काढता आला. जपानी लोकश्रद्धेतील भूकंप घडवणारा मासा नमाझू याची निश्चलता मात्र सक्तीची आहे. काशिमाच्या देवाने त्याला शिळेखाली दाबून धरले आहे. १८५५ साली एडो (आजचे टोकियो) शहराला भूकंपाचा तडाखा बसला तो दहाव्या महिन्यात, म्हणजे सगळे देव इझुमो या देवस्थानी गेलेले असतात अशा काळात, आणि त्यानंतर छापल्या गेलेल्या चित्रांमध्ये राखणदार गैरहजर असल्याची ही कल्पना वारंवार येते. दमून निजलेली, मोबदला म्हणून निजलेली आणि जखडून निजवलेली अशा तीन देवतांची पूजा एकसारखी असूच शकत नाही.

ड्रॅगनच्या बाबतीत आणखी एक कारण सरपटणाऱ्या प्राण्यांकडून घेता येते, आणि माझ्या मते ते सर्वांत सुपीक आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून आठवडेच्या आठवडे पडून राहते, त्या काळात सहसा काही खात नाही, आणि थंडी वाढली की स्नायूंना कंप देऊन अंड्यांना ऊब पुरवते. निजाईही अशीच उबवणीला बसली आहे असे ठरवले, तर डोंगराला येणारे बारीक हादरे, खोऱ्यातील ऊब आणि तिचे निश्चल असणे या तिन्ही गोष्टी एका कारणातून निघतात. हे खरे कारण लेखकाने आपल्या वहीत ठेवावे. गावांना मात्र वेगवेगळी कारणे सांगू द्यावीत. वरच्या गावांतील पुजारी म्हणतील की देवी दमली आहे, खालच्या गावांतील लोक म्हणतील की आपल्या पूर्वजांनी तिला बांधले, आणि अंड्याचा विचार कोणाच्या मनातही येणार नाही.

त्यानंतर झोपेचा भूमीवर होणारा परिणाम ठरवावा. 'शानहाइजिंग' या प्राचीन चिनी ग्रंथात माणसाचे तोंड आणि सापाचे लाल अंग असलेला एक देव आहे; त्याने डोळे उघडले की दिवस होतो, मिटले की रात्र, आणि त्याच्या फुंकरीने हिवाळा येतो. एवढा विराट परिणाम कथेला जड जातो, म्हणून तो एका खोऱ्यापुरता आवरावा. आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे पाताळाचा देव प्लूटो याच्या स्थानी जमिनीच्या भेगेतून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. तिथे नेलेले बैल कोसळत आणि सोबतचे पुजारी मात्र जिवंत परत येत, असे प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याने लिहून ठेवले आहे. पुजाऱ्यांची डोकी बैलांच्या डोक्यांहून वर असत आणि श्वास रोखण्याची सवयही त्यांना होती, हे त्यामागचे साधे कारण. निजाईच्या गुहेचा हाच नियम केला, तर 'देवीपुढे कोणी वाकू नये' अशी उलटी चाल निर्माण होते: इथे साष्टांग नमस्कार घालणारा परका भक्त जिवानिशी जातो आणि ताठ उभा राहणारा सुखरूप परततो. पंथातील प्रत्येक नियमामागे असे एखादे भौतिक कारण असावे. पुढे ते कारण विसरले गेले आणि नियम तेवढा उरला, तर फारच उत्तम.

आता मुख्य निर्णय. उपासकांना देवी जागी व्हायला हवी आहे की निजलेलीच राहायला हवी आहे? बहुतेक कथांमध्ये पंथ तिला जागवू पाहतो आणि नायक त्याला अडवतो. ही वाट मळलेली आहे, शिवाय तिच्यात रोजच्या पूजेला काही कामच उरत नाही, कारण जागवण्याचा विधी एकदाच व्हायचा असतो. झोप राखणाऱ्या पंथाला मात्र दररोज, प्रत्येक प्रहराला काम असते. आपल्याकडील देवळांत पहाटे काकडआरतीने देवाला उठवतात आणि रात्री शेजारतीने निजवतात. निजाईच्या देवळात काकडआरती नसेल आणि दिवसाचे आठही प्रहर शेजारतीचे असतील. सणाचा विचार करताना पंढरपूरची एक रीत आठवावी. आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू शयन करतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो असे शास्त्र सांगते, पण त्याच आषाढी वारीच्या दिवसांत विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात आणि दर्शन चोवीस तास सुरू राहते. पुढे प्रक्षाळपूजेने देवाचा शीण काढतात. शास्त्र एक म्हणते आणि भक्तांची गरज दुसरेच घडवून आणते, आणि दोन्ही गोष्टी शतकानुशतके सुखाने नांदतात. आपल्या काल्पनिक पंथात असा एक तरी अंतर्विरोध मुद्दाम ठेवावा आणि तो सोडवण्याच्या भरीस पडू नये.

झोप राखायची म्हणजे आवाज आवरायचा, आणि इथे लेखकाने सढळ हाताने लिहावे, कारण पंथाचे खरे रूप गाभाऱ्यापेक्षा गावातच अधिक दिसते. निजाईच्या खोऱ्यात लोहाराची भट्टी कड्यापलीकडे असेल आणि त्यामुळे नांगराचा फाळ शेवटायला, म्हणजे टोकदार करून घ्यायला, दोन दिवसांची वाट चालावी लागेल. घंटा असतील पण त्यांना लोळी नसेल. भक्त घंटेला नुसता हात लावून पुढे सरकतील. उखळात कांडण निषिद्ध असल्याने धान्य जात्यावर दळूनच खावे लागेल, आणि जात्याची घरघर देवीला आवडते अशी समजूत त्यातून आपोआप रूढ होईल. लग्नात वाजंत्री नसेल, मात्र कड्यापलीकडच्या सोयऱ्यांना ती हवी असेल, आणि त्यावरून मोडलेल्या सोयरिकींच्या कथा म्हाताऱ्या सांगतील. जन्मलेल्या बाळाचे पहिले रडणे कोणालाच थांबवता येत नाही, तेव्हा बाळंतिणीला दिवस भरण्याआधी कड्याबाहेर पाठवायचे की त्या एका आवाजाला सूट द्यायची, यावर पंथात दोन पक्ष पडतील. शेतीच्या सुगीत, आजारपणात, भांडणात हा नियम कुठे आडवा येतो हे एकेका घराच्या बाजूने तपासत गेल्यास पंथाचा निम्मा ग्रंथ तयार होतो.

स्तोत्राच्या बाबतीत संस्कृतप्रचुर गर्जना टाळावी, हे ओघानेच आले. निजलेल्या देवीला शोभते ती अंगाई, आणि मराठीत लिहिणाऱ्याला जात्यावरच्या ओव्यांचा आणि अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या बांधणीचा वारसा हाताशी आहे. निजाईच्या दळणाऱ्या बायकांसाठी अशी एक रचना करता येईल:

पोटात पेटला
डोंगराचा चुला
झोप लागो तुला
आणखी गं

यात देवीचे नाव नाही, स्तुती नाही, मागणे एवढेच आहे. अनोळखी नावांच्या आणि बिरुदांच्या माळेपेक्षा असे चार चरण वाचकाला पंथाच्या अधिक जवळ नेतात. ग्रंथाच्या शेवटी देवीची सहस्र नावे जोडण्याचा मोह मलाही समजतो, पण वाचक ती वाचत नाही.

पुजाऱ्यांची उतरंड थोडक्यात आटोपावी. पांघरूण विणणारे, गुहेच्या तोंडाशी हवा पारखणारे, रात्री हादरे मोजणारे असे तीन-चार मानकरी पुरेत. त्यांचे मान घराण्यांत वाटलेले असावेत आणि एखाद्या घराण्याचा मान दुसऱ्याने बळकावल्याची जुनी तक्रार असावी. देवळाचे उत्पन्नही ठरवावे. उबेमुळे खोऱ्यात हिवाळ्यातही पीक येत असेल, तर बाहेरचे राजे त्यावर डोळा ठेवतील आणि देवीच्या झोपेचे संरक्षण हा राजकारणाचा विषय होईल.

फुटीर पंथाशिवाय कोणताही धर्म खरा वाटत नाही. देवीला जागवू पाहणारे लोक हा त्यातला सोपा पर्याय झाला. त्याहून चमत्कारिक पर्याय 'देवीमाहात्म्या'च्या पहिल्या अध्यायात सापडतो: विष्णू निजला आहे, मधु आणि कैटभ हे दैत्य ब्रह्मदेवावर चालून आले आहेत, आणि ब्रह्मदेव स्तुती करतो ती विष्णूच्या डोळ्यांत वसलेल्या योगनिद्रेची, म्हणजे निद्रेचीच. निजाईच्या खोऱ्यातही एक गट असा असावा की जो डोंगराखालच्या ड्रॅगनला केवळ एक देह मानतो आणि त्याच्यावर पसरलेल्या झोपेलाच देवी म्हणतो. हे लोक स्वतः दीर्घकाळ झोपण्याची साधना करतील, मूळ पुजारी त्यांना आळशी ठरवतील, आणि दोन्ही गट झोप राखण्याच्या बाजूचे असूनही एकमेकांचे हाडवैरी होतील.

जागे होण्याचा प्रसंग लिहायचा असेल तर तो कशामुळे घडतो हे आवाजाच्या नियमाशी जुळवावे. 'एनुमा एलिश' या बाबिलोनच्या सृष्टिकाव्यात तरुण देवांच्या गोंगाटाने त्यांचा आदिपिता आप्सू याला दिवसा विसावा आणि रात्री झोप मिळेनाशी होते, आणि तो त्यांचा नाश करायला निघतो. त्या तरुण देवांपैकी एआ त्यालाच मंत्राने निजवतो आणि मारतो, आणि त्यातून पुढे आप्सूची जोडीदार, आदिमाता तियामत हिच्याशी युद्ध उभे राहते. तियामतला आज सर्रास ड्रॅगन म्हणून रंगवतात, तरी तिच्या कथेची ठिणगी मोडलेल्या झोपेत आहे हे बहुधा विसरले जाते. निजाई मात्र शत्रूच्या तोफांनी न उठता अंडे फुटण्याच्या आवाजाने उठावी, कारण तो आवाज कोणत्याही मानकऱ्याला आवरता येणार नाही आणि गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले मौन त्या क्षणी अप्रस्तुत ठरेल. उबवणी संपल्यामुळे खोऱ्याची ऊबही संपेल. म्हणून तो प्रसंग लिहिण्याआधी पहिल्या थंडीत कोणत्या गावाचे पीक जळते, हवा पारखणाऱ्या घराण्याने आता काय करायचे, आणि कड्यापलीकडचा लोहार खोऱ्यात परत यायला तयार होतो का, हे ठरवून ठेवावे.