जुन्या लेन्सने हळुवार, धूसर छायाचित्रे कशी टिपावीत

चांगल्या जुन्या लेन्सने टिपलेले छायाचित्र मऊ दिसते, ते फोकस चुकल्यामुळे नव्हे. चेहरा मोठा करून पाहिला तर पापण्यांचे केस सुटे सुटे दिसतात. मात्र त्यांच्याभोवती, आणि गालावर जिथे उजेड पडलेला असतो तिथे, एक पुसट प्रभा पसरलेली असते. तिची कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे गोलीय विपथन: भिंगाच्या कडेने आत येणारे किरण मध्यातून येणाऱ्या किरणांच्या किंचित अलीकडे एकवटतात, त्यामुळे रेखीव प्रतिमेवर तिचीच एक अस्पष्ट प्रतिमा चढते. दुसरे कारण काचेवरच्या लेपाचे आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. जर्मन लेन्स कंपनी झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन कमी करणारा लेप शोधला, तरी बहुस्तरीय लेप रूढ व्हायला १९७० चे दशक उजाडले. त्याआधीच्या लेन्समध्ये भटका प्रकाश आतल्या आत फिरत राहतो आणि सावल्यांचा काळेपणा उणावतो. यातला पहिला दोष ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या, कड्याने कमीजास्त करता येतो आणि दुसरा उजेडाच्या दिशेने. पुढचे सारे तंत्र या दोन गोष्टींवर उभे आहे.

सुरुवात ५० ते ५८ मिमीच्या लेन्सने करावी, असे माझे मत आहे. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी, एफ/२ लेन्स (एफनंतरचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) झाइसच्या बायोटार या लेन्सवर बेतलेली असून ती विपुल प्रमाणात बनवली गेली. पेंटॅक्सच्या टाकुमार लेन्स तुलनेने रेखीव आणि हाताळायला सुखद असतात. त्यांपैकी काही ५० मिमी, एफ/१.४ लेन्समध्ये थोरियमयुक्त काच वापरलेली असल्याने ती कालांतराने पिवळसर पडते. हा पिवळेपणा अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवल्यास बराच उतरतो, आणि तो ठेवायचाच असेल तर कॅमेऱ्यातल्या व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंगछटेच्या समतोलाने, सांभाळता येतो. मायर-ऑप्टिकची १०० मिमीची ट्रायोप्लॅन पार्श्वभूमीतल्या उजेडाच्या ठिपक्यांचे साबणाच्या फुग्यांसारखे कडेदार गोल करते. ती सुंदर असली तरी तिचा परिणाम इतका ठळक असतो की प्रत्येक चित्रात तोच नजरेत भरतो, म्हणून पहिली लेन्स म्हणून मी ती सुचवणार नाही.

विकत घेण्यापूर्वी ॲपर्चर पूर्ण उघडून लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी असते. ती लेप खाते आणि साफ केल्यावरही डाग राहू शकतात. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल उतरलेले नसावे. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा चित्रात सहसा दिसत नाही, मागच्या काचेवरचा मात्र उमटू शकतो. काही जण आतून धुरकटलेली लेन्स मुद्दाम मऊपणासाठी घेतात. तो सल्ला मला पटत नाही, कारण ॲपर्चर बंद करूनही तो धुरकटपणा जात नाही आणि नियंत्रण हातचे जाते.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर या लेन्स साध्या, काच नसलेल्या अडॅप्टरने बसतात. ४२ मिमी आट्यांच्या, म्हणजे एम४२, लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागते आणि मिररलेसमध्ये ते २० मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी असल्याने उरलेली जागा अडॅप्टर भरून काढतो. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये हेच अंतर ४६.५ मिमी, म्हणजे एम४२ पेक्षा जास्त, असते. तिथे साध्या अडॅप्टरने दूरच्या वस्तू फोकसमध्ये येतच नाहीत. कॅमेऱ्यात ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय सुरू करावा आणि सेन्सर स्थिर ठेवण्याची सोय असेल तर लेन्सची फोकल लांबी तिथे भरावी. लेन्सवर ए आणि एम अशी कळ असेल तर ती एमवर ठेवावी, नाहीतर कडे कितीही फिरवले तरी ॲपर्चर उघडेच राहते.

आता कड्याकडे वळू. खिडकीजवळ बसलेल्या व्यक्तीचे चित्र हेलिओसने एफ/२ वर घेतले की केसांच्या उजळ कडा विरघळल्यासारख्या दिसतात; एफ/२.८ वर प्रभा ओसरू लागते. एफ/४ पर्यंत ती जवळजवळ संपलेली असते आणि एफ/५.६ वर सामान्य, स्वच्छ लेन्सच हाती उरते. हेलिओसचे कडे टकटक न करता सलग फिरते, त्यामुळे मधल्या कुठल्याही जागी थांबता येते. व्यक्तिचित्रासाठी मला एफ/२ आणि एफ/२.८ यांच्या मधली जागा सर्वांत उपयोगी वाटते. फोकस मात्र ज्या ॲपर्चरवर चित्र घ्यायचे त्याच ॲपर्चरवर करावा, कारण अशा लेन्समध्ये ॲपर्चर बंद करताना फोकसची पातळी थोडी सरकते. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ५८ मिमी, एफ/२ आणि एक मीटर अंतर असताना रेखीव पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो. कडा रंगवून दाखवणारी पीकिंगची सोय या धूसर प्रतिमेत फसते. त्यापेक्षा डोळा पडद्यावर मोठा करून पाहावा, कडे जवळपास जागेवर आणावे आणि शेवटची दुरुस्ती स्वतः किंचित पुढेमागे झुकून करत तीन-चार चित्रे लागोपाठ घ्यावीत.

उजेड मागून किंवा तिरका यावा, आणि त्याचा उगम चौकटीच्या अगदी बाहेर ठेवावा. मग भटका प्रकाश सगळ्या चित्रावर पातळ पडदा ओढतो. कॅमेरा बोटभर इकडेतिकडे वळवला तरी हा पडदा दाट किंवा विरळ होतो, म्हणून शटर दाबण्याआधी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहत हळूहळू वळवून पाहावे. तो जास्त झाला तर तळहाताची सावली पुढच्या काचेवर धरावी. हुडपेक्षा हात बरा, कारण सावली हवी तेवढीच पाडता येते. कातरवेळचा किंवा धुक्यातला सपाट उजेडही चालतो, पण तिथे प्रभा उमटायला चौकटीत एखादी उजळ जागा लागतेच: ओले पान, दिवा, पांढरे कापड.

हेलिओसची पार्श्वभूमी केंद्राभोवती फेर धरते, कारण कडेला उजेडाचे ठिपके नळीमुळे अर्धवट कापले जाऊन लंबगोल होतात. त्यासाठी मागे पानांतून झिरपणारा उजेड हवा, व्यक्ती दीड-दोन मीटरवर आणि झाडी तिच्या बरीच मागे हवी. फुल फ्रेमहून लहान असलेला एपीएस-सी सेन्सर नेमक्या या कडा कापतो, त्यामुळे तिथे हा फेर फिका पडतो.

चित्रे रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या, स्वरूपात घ्यावीत. मागून उजेड असताना उजेडाचे मोजमाप त्वचेवरून करावे. उदास, मंद वातावरण हवे असेल तर त्याहून अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) कमी ठेवावे, म्हणजे प्रभेच्या उजळ जागा कोऱ्या पडत नाहीत. संस्करणात धूसरपणा घालवणाऱ्या डीहेझ आणि उठाव वाढवणाऱ्या क्लॅरिटी या सोयींना हात लावू नये, कारण लेन्सने जे दिले तेच ती पुसून टाकतात. शार्पनिंग फक्त डोळ्यांपुरते द्यावे. काळे टोक, म्हणजे चित्रातला सर्वांत गडद भाग, थोडे वर (फिके) राहू द्यावे, पण चित्र मॅट कागदावर छापायचे असेल तर ते पडद्यावर शोभते त्यापेक्षा जरा खाली आणावे, कारण त्या कागदाचा काळा रंग मुळातच फिका असतो आणि दोन्ही फिकेपण एकत्र आले की चित्र मातकट दिसते.