बोल्ट बसले, कार्बोरेटर नाही

चांगदेवजवळ, तापी-पूर्णेच्या संगमापाशी, हतनूर धरणाच्या फुगवट्यात आमची मासेमारीची होडी असते. तिच्या १५ एचपी टू-स्ट्रोक मशीनचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) पावसाळाभर पेट्रोल आत राहून सडला. फ्लोटच्या वाटीत हिरवट, चिकट थर, आणि पायलट जेट (मंद चालीला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) इतका बुजलेला की बारीक तारही जाईना.

जळगावात एक स्वस्त कार्बोरेटर मिळाला. दुकानदार म्हणाला, "सेम टू सेम आहे, भाऊ." दोन्ही बोल्ट बसले, दांडी जुळली, मशीन पहिल्या दोरीला सुरू! आयडलला (थ्रॉटल न देता, मंद चालीला) तर घड्याळासारखं. पण पाण्यात फुल थ्रॉटल दिला की दम तोडायचं. चोक (हवा अडवणारी झडप) अर्धा ओढला की लगेच सुधारायचं. तिथंच कळलं, पेट्रोल कमी पडतंय. स्पार्क प्लग काढला तर पांढराफटक. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी. अजून तासभर ताणलं असतं तर पिस्टन जाम झालाच असता.

घरी दोन्ही शेजारी ठेवले. नव्याच्या मेन जेटवरचा (फुल थ्रॉटलला पेट्रोल देणारा जेट) आकडा जुन्यापेक्षा लहान, म्हणजे भोक बारीक, आणि हवेचं भोकही (कॅलिपरने मोजलं) वेगळं. नुसता जेट बदलून भागणार नव्हतं. परत केला, दुकानदाराने थोडी कुरकुर केली, ती ऐकून घेतली.

मग जुन्याच्या अंगावर कोरलेला नंबर रॉकेलने घासून वाचला, फोटो काढला आणि त्याच नंबरचा मागवला. गॅस्केट नवंच घातलं. आता प्लग चहाच्या रंगाचा निघतो.