‘अजून एक शीट द्या ना मॅडम’

नव्यानं शिकवणी सुरू करणाऱ्यांना धास्ती एकाच गोष्टीची असते, मुलं अभ्यास करतील का? लातूरच्या ट्युशन एरियात मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचं फिजिक्स शिकवायला बसलात तर थोड्याच दिवसांत उलटी अडचण समोर येते. दिलेली प्रश्नांची शीट दुसऱ्या दिवशी संपवून आणणारी, ‘अजून एक द्या ना मॅडम’ म्हणणारी आणि तरीही टेस्टमध्ये जिथल्या तिथंच राहणारी मुलं. मी चार-पाच जणांच्या छोट्या बॅच घेते. मोठ्या क्लासचं सगळं करून वर आणखी काहीतरी हवं म्हणून आलेली मुलंच माझ्याकडं जास्त, त्यामुळं हा प्रकार मी भरपूर पाहिलाय. यांना अभ्यासाला लावावं लागत नाही. कुठं थांबायचं ते शिकवावं लागतं, आणि थांबायची रेघ बराच काळ तुम्हालाच ओढावी लागते. स्वतःहून ती ओढणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं.

ही मुलं वहीवरून ओळखू येतात. एनसीईआरटीच्या पुस्तकाच्या पानावर चार रंगांचे हायलाइटर फिरलेले, त्यामुळं महत्त्वाचं काय ते शोधूनही सापडत नाही. रफ वर्क खोडरबरानं पुसलेलं, कारण चुकलेली पायरी डोळ्यांसमोर नको. ‘रोटेशनचं प्रकरण झालं का?’ विचारलं की उत्तर येतं, ‘झालंय, पण पक्कं नाही.’ हे ‘पक्कं नाही’ चार वेळा रिव्हिजन झाल्यावरही हटत नाही. पूर्ण सिलॅबसची १८० प्रश्नांची मॉक टेस्ट द्यायची वेळ आली की ‘बॅकलॉग संपू द्या, मग देते.’ आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे प्रश्न चुकला की ‘सॉरी मॅडम.’ चुकीबद्दल जी मुलगी माफी मागते, ती मॉक कशाला देईल? तिच्या दृष्टीनं मॉक म्हणजे १८० वेळा माफी मागायची वेळ येऊ शकेल अशी जागा.

नवे शिक्षक लगेच म्हणतात, घरचे दबाव टाकत असणार. काही घरांत टाकतातही. पण परभणी, नांदेड, बीड, धाराशिवकडून इथं रूम करून राहणाऱ्या मुलांचे आई-वडील फोनवर बहुतेकदा खरंच सांगतात, ‘आम्ही काहीच म्हणत नाही हो, तिचीच ती ऐकत नाही.’ घरून कुणी बोलत नाही म्हणून मुलं हिशोब करत नाहीत असं मात्र नाही. क्लासची फी, रूमचं भाडं, मेसचा डबा, टेस्ट सिरीज, मागं शिकणारा धाकटा भाऊ... सगळं त्यांना तोंडपाठ असतं. अर्धा तास आडवं पडलं तरी तो अर्धा तास त्या खात्यावर उधार चढतो. अशा मुलीला ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून काही होत नाही. उलट टेन्शन न घेणं ही आणखी एक गोष्ट आपल्याला जमत नाही, असं तिला वाटायला लागतं.

आता आपल्याबद्दल. हे विद्यार्थी शिक्षकाला फार सोयीचे असतात. सांगेल ते करतात, उलट बोलत नाहीत, जादा तास मागतात आणि निकाल लागला की फ्लेक्सवर झळकतात. त्यांच्या या स्वभावावरच आपला धंदा चालतो, म्हणून तो बदलायचं आपल्या मनात सहसा येत नाही. यावर मी एकच नियम पाळते. जादा तास मुलानं मागितला म्हणून घ्यायचा नाही, मला गरज दिसली तरच घ्यायचा, आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. पैसे घ्यायला लागलो की गरज आपोआप दिसायला लागते.

गृहपाठ देताना प्रश्नांबरोबर वेळही द्या. ‘हे २० प्रश्न, ४० मिनिटं. राहिले ते राहिले. जिथं थांबलीस तिथं आडवी रेघ मार आणि वही तशीच आण.’ सुरुवातीला त्या रेघेखालीही सगळं सोडवून आणतील. रागवू नका, पण तपासायचं ते फक्त रेघेवरचं. रेघेखालच्या मेहनतीचं कौतुक केलंत की रेघेला अर्थ उरला नाही. महिन्याभरात अर्धवट वही आणायची सवय लागते आणि मगच खरी माहिती हाती येते, की ४० मिनिटांत ही मुलगी कुठवर पोचते आणि कुठं अडकते. पूर्ण करून आणलेल्या वहीतून हे कधीच कळत नाही. ती रात्री १ वाजेपर्यंत बसून पूर्ण केलेली असते.

नोट्स उतरवून काढण्याचा नाद सोडवणं जास्त अवघड. इथं मी त्यांना रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग सांगते, कारण या मुलांना आपल्या शब्दापेक्षा पुरावा पटतो. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं गेले. वाचलं की लगेच ‘येतंय’ असं वाटतं आणि घाबरलेल्या मुलाला तेच वाटून घ्यायचं असतं. कोऱ्या कागदावर आठवून लिहायला बसलं की काय येत नाही ते उघडं पडतं, म्हणून ते नको वाटतं. माझ्याकडं तासाची पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदाची. तो कागद मी तपासत नाही, गोळाही करत नाही.

प्रश्न सोडून देणं हा मात्र वेगळा शिकवायचा विषय आहे, आणि कुठल्याही क्लासच्या वेळापत्रकात तो नसतो. नीटच्या पेपरात १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. फिजिक्सचे प्रश्न ४५. बायोलॉजी पन्नासेक मिनिटांत उरकलं तरी केमिस्ट्रीचा वेळ वजा जाता फिजिक्सला तासाच्या आसपासच मिळतो. अशा वेळी उतारावरून रोल होत येणाऱ्या गोळ्याचा एखादा प्रश्न या मुलांना धरून ठेवतो. पद्धत माहीत असते, दोन समीकरणं मांडून झालेली असतात, उत्तर मात्र पर्यायांत बसत नसतं. साधा विद्यार्थी वैतागून पुढं जातो. ही मुलगी जात नाही, कारण ‘हे मला यायला पाहिजे.’ पाच मिनिटं जातात. त्या पाच मिनिटांत शेवटच्या पानावरचे सेमीकंडक्टरचे तीन सोपे प्रश्न झाले असते.

म्हणून आम्ही सोडायचा सराव करतो. ४५ प्रश्नांचा पेपर हातात द्यायचा आणि पहिली पंधरा मिनिटं पेन फक्त खुणांसाठी वापरायचं: येतो, वेळ खाईल, सोडायचा. सोडायचे किमान सहा निघालेच पाहिजेत, सगळे येत असले तरी. यावर जोरदार भांडण होतं. ‘येत असताना सोडायचा कशाला?’ हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. मी उत्तर देत नाही, दोन्ही पद्धतींनी दोन पेपर सोडवून घेते आणि गुण शेजारी शेजारी मांडते. दर वेळी फरक पडतोच असं नाही. पण आपण ठरवून सोडलेला प्रश्न आणि हातून निसटलेला प्रश्न यांत मनावर होणारा परिणाम वेगळा असतो, हे त्यांना स्वतःलाच जाणवतं. प्रत्यक्ष परीक्षेत खुणांना पंधरा मिनिटं देता येणार नाहीत, हेही सांगून ठेवा. नाहीतर ही मुलं तेही अक्षरशः पाळतील.

निगेटिव्हचा हिशोबही एकदा फळ्यावर मांडाच. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला उणे एक. चार पर्यायांतून डोळे मिटून खूण केली तर सरासरीनं चारांत एक बरोबर येणार. म्हणजे अधिक चार, उणे तीन, हाती एक उरतो. एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर तीन प्रश्नांत अधिक चार, उणे दोन. याचा अर्थ तुक्के मारत सुटा असा नाही. एका पेपरात नशीब कुठंही नेऊ शकतं. पण ज्या मुलांना उणे एक हा कलंक वाटतो, ती दोन पर्यायांपर्यंत पोचूनही जागा कोरी ठेवतात. त्यांना हे आकडे दिसायला हवेत.

टेस्टनंतरच्या बोलण्यात ‘सिली मिस्टेक’ हा शब्द माझ्याकडं बंद आहे. मुलं तो स्वतःला चापट मारल्यासारखा वापरतात आणि त्यातून पुढं काय करायचं ते काहीच कळत नाही. प्रत्येक चुकीपुढं तिघांतलं एकच लिहायचं: संकल्पना नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. एका चुकीला एक ओळ. ओळींची मर्यादा मुद्दाम सांगते, कारण चुकांची वही ठेवा म्हटलं की ही मुलं त्या वहीचाही ग्रंथ करतात.

कौतुक करतानाही जपावं लागतं. ‘तू तर करशीलच’ हे वाक्य हुशार मुलांना सगळे जण ऐकवतात. शाळेतले सर, मेसच्या काकू, गावाकडचे मामा. त्यात प्रेम असतं, पण ऐकणाऱ्याला त्यात न करण्याची मुभा नसते. आपण त्यात भर घालू नये. ‘फ्री बॉडी डायग्राम आधी काढलीस म्हणून घर्षणाची दिशा चुकली नाही’ एवढं सांगितलं तरी पुरतं. ते उद्या पुन्हा करता येतं.

टारगेटबद्दल २०२५ च्या पेपरानं मला कायमचा दाखला दिला. ४ मे २०२५ च्या त्या पेपरात फिजिक्स इतकं अवघड आणि लांबलचक होतं की भिंतीवर ‘६५०’ लिहून वर्षभर बसलेली मुलं हॉलमधून बाहेर आली ती सगळं संपलं अशाच चेहऱ्यानं. निकालात देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण होते ६८६. त्याच्या आदल्या वर्षी, सुधारित निकालानंतरसुद्धा, ७२० पैकी ७२० मिळवणारे १७ जण होते. २०२५ ला देशभरात ६५० च्या वर गेलेले शंभरसुद्धा नव्हते, आणि पाचशेच्या घरातल्या गुणांवर सरकारी एमबीबीएसच्या जागा मिळाल्या. मधले ते आठवडे मात्र मुलांनी अंधारात काढले, आपण नापास झालो असं धरून. तेव्हापासून माझ्या बॅचमध्ये भिंतीवर गुण लिहायचे नाहीत. लिहायचंच असेल तर या आठवड्यात काय करायचं ते लिहा. पेपर कसा निघेल हे कुणाच्या हातात नसतं.

पालकांकडून मी फारसं काही मागत नाही. रविवारी टेस्ट असते, त्या संध्याकाळी गुण विचारू नका. फोन जरूर करा, पण जेवण काय होतं, गावाकडं पाऊस झाला का, असलं बोला. गुण बुधवारी विचारा. बहुतेक वडील मनापासून ऐकतात. एकदोघं बुधवारी सकाळी सहालाच फोन करतात, त्याला इलाज नाही.

बॅचमधल्या क्रमवारीबद्दलही सांगते. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यात गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच करणं आणि चारचौघांत अपमान करणं शक्यतो टाळावं, असं कोचिंग संस्थांना सांगितलेलं आहे. मोठ्या संस्था ते कसं पाळतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. पाच मुलांच्या शिकवणीत ते आजपासून पाळता येतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुणांची यादी टाकू नका, झालं.

आणि आपली हद्द ओळखा. अभ्यासाचा ताण कुठं संपतो आणि आजारपण कुठं सुरू होतं, ते ठरवणं आपलं काम नाही, पण दिसलं तर गप्प बसायचं नाही. डबा परत जातोय, रात्र रात्र झोप नाही, कारण नसताना हात थरथरतात, ‘माझ्यामुळं घरच्यांना त्रास’ किंवा ‘मी नसते तर बरं’ असं काही तोंडातून आलं, जवळच्या वस्तू वाटून टाकल्या, तर त्या दिवशी फिजिक्स बंद. सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं बोलतात. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना कळवा, त्यांना बोलावून घ्या आणि डॉक्टरांपर्यंत न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. माझ्या खोलीत तो फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो. कुणी विचारलं तर सांगते, मलाही लागू शकतो.

शेवटचा कस लागतो तो निकालानंतर, रिपीट करायचं, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यायची, की नाही यावर. ही मुलं निकालाच्या दिवशीच ठरवून मोकळी होतात, ‘मी रिपीट करणार,’ आणि त्या निर्णयात बराचसा भाग स्वतःला शिक्षा करण्याचा असतो. मी पंधरा दिवस त्या विषयावर बोलायलाच नकार देते. तोवर राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशप्रक्रियेची नोंदणी करून घ्यायला लावते. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, सगळे पर्याय उघडे ठेवून. पंधरा दिवसांनी दोन गोष्टी विचारते. येत्या वर्षात या वर्षापेक्षा वेगळं काय करशील, आणि नाहीच झालं तर कुठं प्रवेश घेशील? पहिल्याचं उत्तर ‘अजून जास्त अभ्यास’ एवढंच आलं, तर मी माझ्या बॅचमध्ये पुन्हा घेत नाही. वडिलांना समोर बसवून सांगते, की फी घेऊन वर्ष घालवायला मी तयार नाही. काही जण चिडून दुसरीकडं नाव घालतात. काही जण आठवड्यानं नीट विचार करून परत येतात, आणि त्यांना पहिली शीट मी वीस नाही, बाराच प्रश्नांची देते.