टॉर्च तापून मंदावतो? आधी एलईडीची बैठक तपासा

ठाण्याजवळच्या येऊरला पावसाळी रात्री टॉर्च पाच मिनिटांत मंदावला, म्हणून लगेच जास्त करंटचा ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) घालू नका. बहुतेकदा उष्णता बॉडीपर्यंत पोचतच नसते. एलईडी जिच्यावर डागलेला असतो ती चकती उचला. खाली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट अनेकदा सुकून भुकटी झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चकती टेकते ती बैठक ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट घासा. थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. जाड थर उलट उष्णता अडवतो. एलईडीसाठी तांब्याची चकती मिळाली तर उत्तमच. रिफ्लेक्टरखालची प्लास्टिकची रिंग विसरू नका, नाहीतर सोल्डरचे डाग रिफ्लेक्टरला टेकून शॉर्ट होतात.

मग शेपटाकडच्या स्प्रिंगला २२ गेजची मऊ सिलिकॉन वायर समांतर डाग द्या, म्हणजे करंट स्प्रिंगच्या रोधातून न जाता वायरीतून जातो. साध्या ड्रायव्हरच्या टॉर्चमध्ये उजेड तेवढ्यानेही वाढतो. सेल प्रोटेक्शनवालाच (आत संरक्षक सर्किट असलेला) हवा.