गेमिंग लॅपटॉपला लिक्विड मेटल लावताना

चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा आधी हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) जाळीत अडकलेली धूळ आणि कापसाचे तंतू काढा. बऱ्याचदा तेवढ्यानेच तापमान उतरते. तरीही भागले नाही, तरच प्रोसेसर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट काढून लिक्विड मेटल लावा.

हे गॅलियम, इंडियम आणि कथिलाचे मिश्रण असते. ते वीजवाहक आहे आणि ॲल्युमिनियम पोखरते. हीटसिंकचा तळ तांब्याचा किंवा निकेल चढवलेला असल्याची खात्री नसेल तर पुढे जाऊच नका.

चार्जर आणि बॅटरीचा कनेक्टर काढा. हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या उलट क्रमाने थोडे थोडे सैल करा. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चिपभोवतीच्या बारीक कपॅसिटरवर नेलपॉलिशचे दोन थर द्या, पूर्ण वाळू द्या, बाजूला कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी, वीज न वाहणारी चिकटपट्टी) लावा.

सिरिंजमधला पहिला थेंब बोर्डापासून दूर, कापसाच्या काडीवर काढा. तो अचानक उसळतो. चिपवर ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा थेंब पुरे. काडीने घासत आरशासारखा पातळ थर करा. हीटसिंकच्या तळावरही तसाच. गोळी जमली तर माल जास्त झाला, सिरिंजने परत ओढा. खोलीतला कूलर-पंखा बंद ठेवूनच हे करा. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्ट्या) तसेच राहू द्या.

स्क्रू आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे कसा. लॅपटॉप सुरू केल्यावर चिपमधला एखादा कोअर (प्रक्रिया करणारा भाग) इतरांपेक्षा खूप तापत असेल तर दाब असमान आहे. उघडून पुन्हा बसवा. तांबे हळूहळू गॅलियम शोषते, म्हणून काही महिन्यांनी तापमान चढल्यास आणखी एक थर लागतो. रोज खडबडीत रस्त्याने मोटारसायकलवर नेणाऱ्या लॅपटॉपला मात्र चांगली पेस्टच बरी.